प्रतिक्षाचे पाय उशिरा उठतात

आमच्या गल्लीतल्या प्रतिक्षाला पहाटे पळताना पाहिलंत, तर पोरगी दूध आणायला निघालीय आणि पिशवी घरी विसरलीय असं वाटेल. तीच संध्याकाळी पळते तेव्हा गल्लीतली कुत्री तिच्यामागे लागायचा विचारसुद्धा करत नाहीत. त्यांनाही अब्रू असते.

कारण घरात आहे. वडील सिद्राम टॉवेलच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. ते आल्याशिवाय आई पारूबाई ताटं वाढत नाही. भाकरी मध्यरात्री, त्यावर गप्पा. लहानपणापासून हेच. त्यातून या वयाच्या पोरांना झोप मुळातच उशिरा येते, असं डॉक्टरही सांगतात.

शाळेचे शिवानंद सर मात्र पहाटेचे भक्त. आठशे मीटरसाठी जिल्ह्याला एकच मुलगी पाठवायची होती. सोलापूरचं ऊन बघून स्पर्धा ठेवलेली संध्याकाळी. निवड चाचणी मात्र सरांनी घेतली पहाटे, कारण ते नेहमी पहाटेच घेतात. प्रतिक्षा चौथी आली.

"रात्री मोबाईल बघत बसायचं आन् हितं जांभया द्यायच्या," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "आळशी माणसाचं मैदानावर काय काम?"

बाकीच्या पोरी खाली बघायला लागल्या. प्रतिक्षा सरांकडेच बघत राहिली.

"आळशी म्हनू नका सर. स्पर्धा संध्याकाळी हाय न्हवं? मग संध्याकाळी पळवून बघा की."

"नियम म्हंजे नियम."

"कुटं लिवलाय?"

कुठंच लिहिला नव्हता. सर "बघू" म्हणाले, म्हणजे नाही. पण त्याच संध्याकाळी प्रतिक्षा पहाटे तिच्यापुढे आलेल्या तिघींना घेऊन सरांच्या मैदानाशेजारच्या घराच्या दारात उभी. "हरवून दाखव" म्हणत त्याही आल्या होत्या. सरांनी नाइलाजानं मैदानात खुर्ची टाकली, स्टॉपवॉच हातात घेतलं, शिट्टी फुंकली.

पहिल्या फेरीत चौघी बरोबर होत्या. दुसरीत प्रतिक्षा अशी सुटली की मागच्यांना फक्त तिची वेणी दिसत राहिली. रेषा ओलांडून ती धापा टाकत वळली, तर सर खुर्चीत मान छातीवर टाकून गाढ झोपलेले. हातातलं स्टॉपवॉच इमानानं चालू.

"सर!"

सर दचकले आणि सवयीनं ओरडले, "सावधान!"

पोरी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. प्रतिक्षा हसली नाही.

"तुमचं आंग संध्याकाळी झोपतंय ती शिस्त, आन् माजं पहाटं झोपतंय तो आळस व्हय?"

सरांनी स्टॉपवॉच उगाच झटकून पाहिलं. "येळ काय घेता आली न्हाय," ते पुटपुटले.

"तुमी उभं ऱ्हावा. मी परत पळते."

"आत्ता? लई दमलीस की."

"आत्ता कुटं जागी झालीया."

सरांनी नळावर तोंड धुतलं आणि उभे राहिले. तिघींतल्या दोघी म्हणाल्या, आमी बघतो. तिसरी पळाली, जिद्दीनं पळाली. या खेपेला दोघींतलं अंतर कमी होतं, पण पुढं प्रतिक्षाच. सरांनी वेळ पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.

"जिल्ह्याला तू," ते म्हणाले. "उद्या पहाटं पाचला सरावाला ये."

प्रतिक्षा नुसती बघत राहिली.

"सहाला?"

ती बघतच राहिली.

"बरं बाई, संध्याकाळी ये," सर म्हणाले. "पण येताना मला उठवायला कुणीतरी आण."