मांजरेच्या दरडीतला हत्ती

मी आवाज दिलेल्या एका फिल्ममध्ये मांसाहारी डायनासोर दुसऱ्याच्या मानेत दात रोवतो आणि त्याला चिखलात आपटतो. मान मोडल्याचा आवाज येतो. कंधारच्या एका शाळेत हा प्रसंग आला की पोरं बाकांवर उभी राहायची आणि "मॅडम, पुन्यांदा लावा" म्हणायची. मी लावायची. वर्ग शांत ठेवायचा तो सगळ्यात सोपा उपाय होता.

नांदेडच्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवते. महिन्यातले दोन शनिवार प्रोजेक्टर गाडीत टाकून नांदेड आणि लातूरच्या शाळांमधून फिरायचं, जीवाश्म, ज्वालामुखी, भूकंप यांवरच्या फिल्म दाखवायच्या, हे काम मी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. फिल्म परदेशातल्या, मराठी बोलणं माझं. एकदा फिल्म संपल्यावर सातवीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, हे समदं तिकडंच झालं का? आपल्याकडं कुणी कुणाला खाल्लं न्हाई का?"

वर्ग हसला. उत्तर मला माहीत होतं, पण दाखवायला काही नव्हतं. तेव्हा ठरवलं की आपल्या भागावरची फिल्म आपणच करायची.

शूटिंगसाठी मुदखेडचा एक माणूस मिळाला. तो लग्नांचं शूटिंग करायचा, चाळिशीचा, पोटानं सुटलेला, कामाला चोख. दगडावर तो नवरीच्या चेहऱ्यावर टाकावा तसा उजेड टाकायचा. पहिली फिल्म आम्ही इस्लापूरजवळ सहस्रकुंड धबधब्याला केली, लाव्हाच्या थरांवर. खडकावरून घसरून त्याचं ढोपर फुटलं, तरी कॅमेरा त्यानं डोक्यावर धरून वाचवला. "मॅडम, ढोपर परत येतंय," तो म्हणाला, "कॅमेरा कर्जानं घेतलाय."

दुसरी फिल्म करायची वेळ आली ती निलंग्याच्या बाजूला, मांजरेच्या काठावरच्या एका गावात. तिथल्या शाळेत मी हिमयुगातल्या हत्तींची फिल्म दाखवत होते. मागं दाराशी एक शेतकरी उभा होता, साठीच्या आसपासचा, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. पडद्यावर हत्तीचा दात आला तेव्हा तो पुढं आला आणि पडद्याला हात लावून बघितला. फिल्म संपल्यावर मला म्हणाला, "बाई, ह्यो दात माझ्या दारात हाय."

खरंच होता. नळाखाली पडलेला, परातीएवढा, अंगावर एकापुढं एक पायऱ्या असलेला दगड झालेला दात, म्हणजे हत्तीची दाढ. "पुरात दरड पडली, तवा सापडला," तो म्हणाला. "आधी मी विभूती लावली. मग मंडळी म्हनली, देव असता तर असल्या पायऱ्या कशाला असत्या अंगावर. तिनं कपडे घासाय घेतला."

त्याची बायको आतून म्हणाली, "कॉलर लई छान निघती त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी तो आम्हाला नदीवर घेऊन गेला. त्याचं शेत थेट दरडीच्या काठापर्यंत होतं. खाली पिवळट गाळाच्या थरात, वाळू आणि चुनखडीच्या गोट्यांमध्ये, मातीतून वर आलेली एक वाक मला दिसली. सुळा होता. त्याच्या मागं कवटीचा घुमट. मी गुडघ्यांवर बसले आणि ब्रशनं माती झाडायला लागले. बावीस वर्षं मी हत्तीच्या जीवाश्मांबद्दल शिकवत होते आणि जमिनीत असलेला एकही पाहिलेला नव्हता.

तीन दिवसांचं काम होतं. दोन दिवस आम्ही माती काढत आणि शूटिंग करत गेलो. तिसऱ्या दिवशी गोणपाट आणि प्लास्टरनं कवटी बांधून काढायची होती. कॉलेजात कळवलं होतं, टेम्पो सांगितला होता.

पलीकडच्या पट्ट्यात वाळूचा उपसा चालू होता. लिलाव पलीकडचा झाला होता. पण पोकलेन मशीन रोज थोडं अलीकडं येत होतं. शेतकऱ्याच्या तुरीच्या दोन ओळी आधीच दरडीसकट खाली गेल्या होत्या. तो मशीनकडं बघून काहीतरी कानडीत पुटपुटायचा आणि थुंकायचा. मी त्याला विचारलं, तक्रार केली का. "केली की," तो म्हणाला. "म्हनून तर रोज जवळ येऊन राहिलंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्लास्टर कालवत होतो, तेव्हा वाळू उपसणाऱ्यांचा मुकादम चार माणसं घेऊन नदी ओलांडून आला. पांढरा शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यानं मला नमस्कार केला.

"शूटिंग कशाचं चाललंय?"

"हत्तीचं," मी म्हणाले.

तो हसला. त्याची माणसंही हसली. मी त्याला सुळा दाखवला, समजावून सांगितलं, शाळेतल्या मुलांसाठी आहे म्हणाले. शूटिंगवाल्यानं कॅमेऱ्यावर आदल्या दिवशीची दृश्यं लावून दाखवली. तीच चूक झाली. प्रत्येक दृश्यात मागं मशीन होतं. वाळू भरणारं, अलीकडच्या काठावर आलेलं, वाळू नेणाऱ्या टिपरचे नंबर वाचता येतील इतकं स्वच्छ. तो माणूस कामाला चोख होता.

मुकादमानं कॅमेरा मागितला. शूटिंगवाल्यानं छातीशी धरला. मग एकानं त्याच्या मनगटावर लोखंडी पाइप मारला. काडी मोडावी तसा आवाज आला. तो बसला, तरी दुसऱ्या हातानं कॅमेरा धरून होता, म्हणून त्याच्या पाठीत दोन बसले. कॅमेरा सुटला. मुकादमानं तो पट्ट्याला धरून दगडावर आपटला, तीनदा, कपडे आपटावेत तसा. शेतकरी मध्ये गेला. त्याला फावड्याचा दांडा बरगडीत बसला आणि तो दरडीच्या पायथ्याला आडवा झाला. तोंडातून रक्त आलं. मी ओरडत होते, पण काय ओरडत होते ते मला आठवत नाही.

"आता हत्ती काढून देतो तुम्हाला," मुकादम म्हणाला आणि मशीनकडं हात केला.

मशीन आलं तसं मी शेतकऱ्याला ओढून बाजूला घेतलं. चालवणारा वर काचेमागं बसलेला, त्याला खाली काय बोलणं झालं ते ऐकू येत नसावं. बकेट दरडीत घुसली आणि दरड खाली आली. त्या मातीत कवटी फुटली. ओली वीट फुटल्यासारखा बसका आवाज होता तो, फार मोठासुद्धा नाही. दुसऱ्या फेऱ्यात सुळ्याचे चार तुकडे झाले. आतला भाग खडूसारखा पांढरा होता.

मग मशीन थांबलं. चालवणारा खाली उतरला, काळासावळा, पंचविशी-तिशीचा, पायात रबरी चप्पल. मातीतून त्यानं काहीतरी उचललं आणि माझ्याकडं चालत आला. माझ्या हातात हातोडा होता. आमच्या विषयात वापरतात तो, एक बाजू चपटी, एक टोकदार. तो दोन हातांवर आला तेव्हा मी तो त्याच्या डोक्यात घातला.

कोणती बाजू पुढं होती ते मी बघितलं नव्हतं. चपटी होती, हे नंतर कळलं. डाव्या कानाच्या वर बसला. तो गुडघ्यांवर आला आणि मग कुशीवर पडला. त्याच्या हातातून सुळ्याचा तुकडा सुटला. तो तुकडा तो मला द्यायला आणत होता.

मी हातोडा पुन्हा उचलला होता. हे मला शेतकऱ्यानं नंतर सांगितलं. मला ते आठवत नाही, पण तो खोटं बोलणारा माणूस नाही. आडवा पडल्या पडल्या त्यानं माझा पाय धरला होता. "बाई, बास," तो म्हणाला. "मरंल त्यो."

कानातून रक्त येताना पाहिलं आणि माझ्या अंगातलं सगळं उतरलं. मुकादम आणि पाइपवाला नदी ओलांडून पळाले. मागं राहिलेल्यांपैकी एकजण टिपर चालवणारा होता. त्यानं टिपर खाली आणला. मशीनवाल्याला उचलून आत ठेवलं आणि मोडक्या मनगटाचा शूटिंगवाला, बरगडी धरलेला शेतकरी आणि मी कसेबसे वर चढलो. मागं ओल्या वाळूवर मशीनवाल्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओढणी दाबून धरली होती, ती भिजून जड झाली होती. तो मध्येच डोळे उघडायचा आणि माझ्याकडं बघायचा. ओळख नव्हती त्या बघण्यात.

निलंग्यात टाके पडले, मग लातूरला पाठवलं. तो जगला. डाव्या कानाचं ऐकणं मात्र बरंचसं गेलं. शूटिंगवाल्याच्या मनगटात स्टीलची पट्टी बसवली, दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. शेतकऱ्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात मुकादमाकडचा एक माणूस आला. अगदी गोड बोलला. तुम्ही तक्रार करू नका, आम्ही करत नाही, दोन्हीकडच्यांना लागलंय, मिटवून टाकू. शूटिंगवाल्याला ते पटलं नाही. "ह्यांनी मला मारलं, कॅमेरा फोडला, ते लिहा," तो म्हणाला. "तुमचं लिहायची गरज न्हाई मॅडम. तो मशीनवाला पडला म्हनून सांगू. कोन बघून राहिलं होतं?"

मी ठाण्यात जाऊन सगळं लिहून दिलं. पाइप, फावडं, मशीन, आणि माझा हातोडा. लिहून घेणाऱ्यानं पेन थांबवून विचारलं, "हे शेवटचंपण लिहायचं का?" मी हो म्हणाले. ते काही मोठेपणा म्हणून नव्हतं. ते सोडून बाकीचं लिहिलं असतं तर रोज वर्गात उभं राहता आलं नसतं, एवढंच. शूटिंगवाला महिनाभर माझ्याशी बोलला नाही. कॉलेजनं मला सहा महिने घरी बसवलं. त्या गावातल्या शाळेनं पुन्हा बोलावलं नाही.

पहिल्या दोन दिवसांचं शूटिंग दुसऱ्या कार्डावर उतरवून शूटिंगवाल्यानं आदल्या संध्याकाळीच मुक्कामाच्या खोलीवर ठेवलं होतं. म्हणून फिल्म झाली. अकरा मिनिटांची आहे. सुळा मातीतून वर येताना दिसतो, कवटीची वाक दिसते, आणि तिथंच फिल्म थांबते. मुलं विचारतात, "मॅडम, मग हत्ती कुठंय?" मी सांगते, फोडला. कुणी, म्हणतात. माणसांनी, म्हणते. एवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही. माझंही होत नाही.

दोन्ही केस, मुकादमावरची आणि माझ्यावरची, अजून चालू आहेत. मागच्या तारखेला कोर्टाच्या आवारात मशीनवाला भेटला. लिंबाखाली चहा घेत बसला होता. केस वाढवून त्यानं खूण झाकली होती. मी जाऊन उभी राहिले. त्यानं बाकावर सरकून जागा केली.

"ते काय होतं?" त्यानं विचारलं. "मला वाटलं, झाडाचं खोड. गाडलेलं. बकेटीत असला आवाज कधी आला नव्हता, म्हनून उतरलो."

मी मोबाइलवर त्याला फिल्म लावून दिली. मोबाइल उजव्या कानाजवळ धरून, मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यानं अकरा मिनिटं बघितली. माझा आवाज ऐकताना एकदा माझ्याकडं पाहिलं. बघून झाल्यावर मोबाइल शर्टाला पुसून परत दिला.

"मशीन सोडलं का तुम्ही?" मी विचारलं.

"सोडून खायाचं काय? दुसऱ्या नदीवर हाय आता."

मी त्याच्या डाव्या बाजूला बसले होते. "माफ करा," म्हणाले. तो समोर बघत राहिला. ऐकू गेलं नसेल असं वाटलं, म्हणून उठून दुसऱ्या बाजूला गेले आणि पुन्हा म्हणाले.

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं," तो म्हणाला आणि कप ठेवायला उठला.