ज्या दिवशी कॉलेजची मान्यता वाढली

बुंदीचा लाडू अर्धा खाऊन झाला होता, तेवढ्यात प्रिन्सिपल सरांनी आम्हा चौघी मुलींना व्हरांड्याच्या टोकाला बोलावलं. माघ महिना होता, आणि विद्यापीठानं कॉलेजची मान्यता पुढे वाढवल्याची बातमी सकाळीच आली होती. बाहेर पोरं नाचत होती. कोणीतरी सुपेल्याच्या बाजारातून बँडमधला एकटा ढोलवाला पकडून आणला होता. आम्हाला वाटलं, सर आता आम्हाला रांगोळी काढायला सांगणार.

सर म्हणाले, "कल से तुम लोग मत आना, बेटी."

मला ऐकू आलं, पण समजलं नाही. मी हसले. माझी मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली. सरांची नजर आमच्या चपलांवर होती. ते पुढे बोलले ते एवढंच, की मान्यता एका अटीवर मिळाली आहे, लेडीज लोकांची सोय कॉलेजात नाही, म्हणून मॅनेजमेंटनं मुलींचे प्रवेश बंद केले आहेत. परीक्षा हवी तर घरी अभ्यास करून बाहेरून द्या.

हातातला उरलेला लाडू मी काय केला, ते आजही आठवत नाही.

ते कॉलेज म्हणजे फार काही नव्हतं. पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा ठेकेदाराच्या मजुरांसाठी बांधलेल्या दोन लांब बराकी, वर सिमेंटचे पत्रे. मजूर पुढच्या कामावर निघून गेले आणि काही व्यापारी, एक-दोन वकील आणि एक ठेकेदार यांनी मिळून तिथे कॉलेज काढलं. उन्हाळ्यात आत बसलं की डोकं तापायचं, आणि ब्लास्ट फर्नेसकडून वारा आला की फळ्यावर लाल धूळ बसायची. पण बी.ए. होता येत होतं. त्याआधी त्यासाठी दुर्ग किंवा रायपूर गाठावं लागायचं, आणि मुलीला तेवढं लांब पाठवणारं घर आमच्या कामगारांच्या कॅम्पात एकही नव्हतं.

माझे बाबा प्लांटच्या आतल्या रेल्वेत शंटिंगच्या, म्हणजे डबे जोडण्या-सोडण्याच्या, कामावर होते. भंडाऱ्याकडचं गाव सोडून आलेले. धम्मदीक्षा घेतल्यावर त्यांनी गावची कामं सोडली, आणि मग गावही सोडलं. त्यांना स्वतःला चौथीपर्यंत शिकता आलं होतं, तेही वर्गाच्या दाराबाहेर बसून. मॅट्रिकचा माझा निकाल लागला तेव्हा मायला ते म्हणाले होते, "आता इले कोनी दाराबाहेर नाई बसवनार." माझी मैत्रीण गोंदियाकडच्या शेतकरी घरातली. तिचे वडील रोलिंग मिलमध्ये. आमच्या दोघींची घरं एकाच ओळीत, मध्ये तीन दारं. उरलेल्या दोघी प्लांटनं बांधलेल्या टाउनशिपच्या सेक्टरमधून यायच्या, हिंदी बोलायच्या. पूर्ण कॉलेजात मुली आम्ही एवढ्याच.

आता तपासणीचं सांगायला हवं, कारण मला खरा धक्का बसला तो त्यामुळे.

त्याआधी, थंडीच्या सुरुवातीला, विद्यापीठाची कमिटी मान्यतेच्या तपासणीला आली होती. दोन पुरुष आणि एक बाई. बाईंना बघूनच आम्ही चौघी हरखलो. पांढरी सुती साडी, खांद्याला चामड्याची पर्स, आणि पुरुषांच्या पुढे चालणं. त्यांनी पुस्तकं पाहिली, बाक मोजले, पोरांना प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "मुलींशी मला एकटीला बोलायचंय." सर आणि ते दोघे पुरुष बाहेर गेले. बाई नागपूरकडच्या निघाल्या. मराठी ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी भानच विसरले.

बाईंनी विचारलं, "दिवसभर इथे असता. मग बाहेर कुठे जाता?"

प्रश्न काय आहे ते सगळ्यांना कळलं होतं. पोरांसाठी बराकीमागे पत्र्याचा आडोसा होता. आमच्यासाठी काहीच नव्हतं.

मीच बोलले. "आमी पानी नाई पीत, बाई. सकाळी घरून निघालो का घरी जाईपर्यंत नाई."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात बी."

"आणि ते महिन्याचे दिवस?"

"त्या दिवशी येत नाई."

बाईंनी चष्मा काढला. मग माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस."

म्हणून त्या लाडवाच्या दिवशी सरांनी अट सांगितली तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल, ते कोणीही ओळखेल. मीच तोंड उघडलं होतं. ज्या बाईनं पाठीवर हात फिरवला, तिनंच आम्हाला बाहेर काढलं होतं. बाहेर ढोल वाजतच होता. सेक्टरवाल्या दोघींपैकी एक रडायला लागली. दुसरी मला म्हणाली, "तुझे बोलने की क्या पड़ी थी?"

मैत्रीण आणि मी घरी निघालो. तिचं घर आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू खरं सांगतलं. खोटं सांगतलं असतं त मले राग आला असता."

बाबा पाळीवरून आले. मी सांगितलं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि मला पुन्हा सांगायला लावलं, जणू पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नव्हतं. मग जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली, धुतलेला सदरा घातला आणि मला घेऊन कॉलेजात गेले.

प्रिन्सिपल सर भित्रे होते असं सगळे म्हणायचे, आणि ते खरंच होतं. मॅनेजमेंटचा सेक्रेटरी, म्हणजे कॉलेज काढणाऱ्यांतला तो ठेकेदार, आला की सर खुर्ची सोडून उभे राहायचे. बाबांना त्यांनी बसायला सांगितलं. बाबा उभेच राहिले.

"साहेब, पोरीयची सोय नाई म्हून पोरी काढाव्या, असं विद्यापीठानं सांगतलं का?"

सर काही वेळ टेबलावरची दौत इकडची तिकडे करत राहिले. मग हळूच म्हणाले, "नहीं. उन्होंने कहा था, या तो इंतजाम करो, या लड़कियां मत लो."

"म्हंजे दोन रस्ते होते."

"हां."

"आनि तुमी हा घेतला?"

"मैंने नहीं. मैनेजमेंट ने. एक कमरा बनाने में, पानी का नल लाने में... उनका कहना है कि चार लड़कियों के लिए कौन करे."

बाबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला तसा पुन्हा कधी पाहिला नाही. ओरडणारा माणूस नव्हताच तो. त्यांना राग आलेला नव्हता, ते चकित झाले होते. म्हणाले, "एवढा मोठा कारखाना उभा केला लोकायनं या माळावर. अन् एक खोली नाई होत?" सरांनी मान खाली घातली. आम्ही निघालो. वाटेत बाबा स्वतःशीच दोनदा म्हणाले, "दोन रस्ते होते. दोन."

माझ्या डोक्यातलं मात्र सगळं उलटं झालं होतं. बाईंनी आम्हाला काढलं नव्हतं. त्यांनी आमच्यासाठी खोली मागितली होती, आणि त्या मागणीचाच दरवाजा करून आम्हाला बाहेर घालवलं गेलं.

त्या काळी प्लांटसाठी रशियातून यंत्रं यायची ती प्रचंड लाकडी खोक्यांमधून. त्या फळ्या इतक्या जाड आणि चांगल्या असायच्या की कॅम्पातल्या निम्म्या घरांत पलंग, फडताळं, कोंबड्यांची खुराडी त्याच लाकडाची. बाजूंवर काळ्या रंगात उलटी-सुलटी रशियन अक्षरं. खोली आपणच बांधायची असं ठरवून बाबांनी आठवडाभर माणसं गोळा केली. शंटिंगवाले, मिलवाले, एक सुतार, एक नळ जोडणारा मल्याळी. मैत्रिणीचे वडीलही येतील असं मला वाटलं होतं. ते आले नाहीत. म्हणाले, "पाहू." त्यांचा 'पाहू' म्हणजे काय, हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळे कॉलेजच्या मागच्या जागेवर पोहोचले. खड्डा खणला, विटा रचल्या, फळ्या ठोकायला सुरुवात झाली. माय आणि शेजारच्या बायांनी वाळू कालवली. दुपार व्हायच्या आत सेक्रेटरी जीपमधून आला. खाली उतरला आणि त्याचा आवाज चढला.

"यह क्या तमाशा है? किसकी इजाजत से?"

हातोड्या थांबल्या. बाबा पुढे होणार एवढ्यात मागून प्रिन्सिपल सर आले. ते कधी येऊन कामाला लागले हेही आम्हाला कळलं नव्हतं. धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, हाताला चुना.

"मेरी," ते म्हणाले.

सेक्रेटरीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "क्या कहा?"

"मेरी इजाजत से. कॉलेज का प्रिन्सिपल मैं हूं." त्यांचा आवाज थरथरत होता, पण पुढचं वाक्यही त्यांनी पूर्ण केलं. "रोकना हो तो मुझे निकाल दीजिए, और विद्यापीठ को बता दीजिए क्यों निकाला."

माझं तोंड उघडंच राहिलं. बाबांचंही. सेक्रेटरी जीपमध्ये बसून निघून गेला. सरांनी चुन्याचा हात धोतराला पुसला आणि तिथल्याच एका विटेवर बसले. पाणी मागितलं. हाताचा चुना पुरता निघाला नव्हता, म्हणून मायनं ग्लास त्यांच्या तोंडाशी धरला. मायच्या हातचं पाणी पिताना त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. हे बाबांनी पाहिलं. घरी आल्यावर ते कितीतरी वेळ त्याबद्दलच बोलत होते.

पुढच्या सुट्ट्यांत काम करत खोली पूर्ण झाली, आणि ती पाहायला सरांनीच बाईंना बोलावलं. चैत्र लागला होता, ऊन भाजत होतं. बाई रायपूरकडून येणाऱ्या बसनं एकट्या आल्या. खोलीभोवती एक फेरी मारली, रशियन अक्षरांवरून बोट फिरवलं. मग आत गेल्या आणि आतून कडी लावली. बाहेर सर, बाबा, मी, सगळे कुठे बघावं ते न कळून उभे. थोड्या वेळानं बाई बाहेर आल्या, नळावर हात धुतले, साडीच्या पदराला पुसले.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "चालेल."

मुलींना काढल्याचं सरांनी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. "काढलं? मी खोली बांधा म्हणाले होते." मग माझ्याकडे वळून, "मला वाटलं होतं तुम्ही सगळ्या आत बसलेल्या असाल." जाण्याआधी त्यांनी सरांकडून वचन घेतलं की जुलैत चौघीही वर्गात असतील.

मी तशीच धावत मैत्रिणीच्या घरी गेले. तीन दारं ओलांडायची, तेवढाही धीर नव्हता. दारात आंब्याच्या पानांचं तोरण होतं. अंगणात बाया डाळ निवडत बसल्या होत्या. मैत्रीण आतल्या खोलीत, हिरव्या बांगड्या भरलेल्या हातांनी, भिंतीला टेकून.

"हे काय?" मी विचारलं. मला दिसत होतं, तरी विचारलं.

तिची माय आतून आली. "परवा पक्कं झालं, बाई. तुले सांगाचंच होतं. पोरगा चांगला हाय, गोंदियाच्या पलीकडं शेती हाय." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "कॉलेजानंच त सांगतलं ना, येऊ नका म्हून. मंग मोठी पोट्टी घरी बसवून का कराव? लोकं इचारते."

"काकू, खोली झाली. जुलैत परत घेऊन राहिले."

काकूंनी मैत्रिणीच्या बांगड्यांकडे बोट दाखवलं. चांगल्या होत्या त्या. कोणाचं वाईट त्यांनी कधी केलं नव्हतं. मैत्रिणीनं हलक्या आवाजात विचारलं, "कशी झाली खोली?"

"चांगली झाली. नळ हाय. आतून कडी हाय."

"पाहाले येईन," ती म्हणाली. पण लग्नाआधी तिला बाहेर पडू दिलं नाही, आणि वैशाखात ती गेली.

जुलैत वर्ग सुरू झाले. आम्ही तिघी होतो, शिवाय पहिल्या वर्षाला नव्या मुली आल्या होत्या, मागच्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त. त्यांना वाटत होतं की ही खोली पहिल्यापासूनच होती. आमच्या पहिल्या तासाला प्रिन्सिपल सर हजेरी घेऊ लागले. मैत्रिणीचं नाव आलं तेव्हा त्यांनी ते घेतलं. त्यांनी पुन्हा घेतलं.

मी उभी राहिले. "सर, उसकी शादी हो गई."

"कब?"

"वैशाख में, सर. पक्की चैत में हुई थी."

सर माझ्याकडे बघत राहिले. चैत्र म्हणजे कधी, माघ म्हणजे कधी, मधे किती दिवस मुली घरी बसल्या होत्या, ते त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं. त्यांनी पुस्तक उघडलं, एक ओळ वाचली, पुन्हा तीच ओळ वाचली. मग पुस्तक मिटलं.

"आज इतना ही," म्हणाले, आणि तास संपायला बराच अवकाश असताना वर्गातून निघून गेले. बाहेर पावसाची भुरभुर होती. ते छत्री विसरून तसेच बराकीच्या कडेनं चालत गेले. आम्ही कोणीच उठलो नाही. घंटा होईपर्यंत सगळा वर्ग बसून राहिला.