पिवळ्या चौकोनातली खुर्ची

"झोपलीय अजून."

कुठल्याही कंपनीच्या दारात पाऊल टाकलं की आपा डोळे मिटून घ्यायच्या. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, ओढणी कानामागे सारलेली, मान किंचित कललेली. शेजारच्या घराच्या दारात उभं राहून आतल्या फोडणीचा वास घ्यावा, तशा थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि मग निकाल द्यायच्या.

आमच्या गोडाऊनच्या दारात त्यांनी पहिल्यांदा हे म्हटलं तेव्हा मी शहाळं घेऊन शेजारी उभा होतो. मला वाटलं, कुणा कामगाराला लागलेली डुलकी यांना दिसली. मी आत वळून ओरडलो, "कोण झोपलंय रे तिकडे?"

"माणसं जागी आहेत, मॅनेजरसाहेब," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "कंपनी झोपलीय. ऐका ना, झोपेत बडबडतेय."

मी कान दिला. आतून आवाज येत होते. "अरे, कटर कुठंय?" "टेप किसने लिया?" "किल्ली इथंच ठेवली होती ना मी!" हे मी रोज ऐकत होतो. मला ते काम चालल्याचे आवाज वाटायचे, आणि ऐकून बरंसुद्धा वाटायचं.

तुम्हीही एकदा तुमच्या ऑफिसात, दुकानात, फार कशाला, स्वतःच्या स्वयंपाकघरात डोळे मिटून उभे राहून बघा. घर घोरतंय की जागं आहे ते लगेच कळतं.

आमचं गोडाऊन पडघ्याच्या थोडं पुढे, नाशिक रस्त्याला लागून. शाम्पूच्या आणि तेलाच्या बाटल्या येतात, खोक्यांत बसतात, ट्रकमध्ये चढतात आणि जातात. माल सगळा एकाच मोठ्या कंपनीचा. एक दिवस त्या कंपनीने कळवलं की तुमच्या कामाच्या जागेची शिस्त तपासून घ्या. नको ते काढता का, हवं ते ठरल्या जागी ठेवता का, साफ ठेवता का, नियम आहेत का, ते टिकतात का, आणि रोजच्या कामात कुणी काही सुधारणा करतं का. याच्या पाच पायऱ्या. दिवाळीच्या आत तिसरी पायरी गाठली नाही, तर माल गुजरातच्या बाजूला जाणार. माल गेला की दिघाशीहून पॅकिंगला येणाऱ्या बायका घरी, फोर्कलिफ्टवाला त्याच्या मुलखात, आणि मी मेहुण्याच्या मोबाइलच्या दुकानात. यातली शेवटची शिक्षा सगळ्यात कडक होती, कारण मेहुणा मला "दाजी" म्हणतो आणि हसतो.

पायरी ठरवणार होत्या आपा. निजामपुऱ्यातलं जुनं कोकणी मुसलमान घर, घरचेच लूम, म्हणजे यंत्रमाग. कापडाच्या कारखान्यांत क्वालिटीचं काम करता करता त्या दुसऱ्यांच्या कंपन्या जोखायला लागल्या. रिपोर्टच्या खाली त्यांचं पूर्ण नाव असायचं, पण ते कुणी घेत नसे, म्हणून मीही घेत नाही.

कागदावर पाच पायऱ्यांना भारदस्त नावं होती. आपांची नावं वेगळी. पहिली गाढ झोप. दुसरी कूस बदलली. तिसरी जाग आली. चौथी उठून बसली.

"आणि पाचवी, आपा?"

"पाचवीला पहिली लाल चिठ्ठी मलाच लावा. तिथे माझं काय काम?"

आमच्या या शास्त्रात जी वस्तू कामाची नाही तिला लाल चिठ्ठी लावून बाहेर काढतात. आपा हे बोलून हसल्या. मीही हसलो, कारण साहेब लोक हसले की हसायचं, एवढी शिस्त माझ्यात आधीपासून होती.

आता माझ्या हुशारीची गोष्ट. मी नाही सांगितली तर आमच्या पॅकिंगच्या मंजुळाबाई सांगतात, आणि वर तिखटमीठ घालतात.

आपा पहिल्यांदा येणार त्या आठवड्यात मी प्रामाणिकपणे नको त्या वस्तूंना लाल चिठ्ठ्या लावल्या. फुटकी लाकडी पॅलेट, गंजलेला पंखा, जुने बॅनर, पाय मोडलेली वेताची खुर्ची. प्रत्येक चिठ्ठीवर गोडाऊनचं नाव, खाली माझी झोकदार सही. चिठ्ठ्या लावून झाल्यावर प्रश्न पडला की या वस्तू टाकायच्या कुठे. मालक म्हणाले, "फेकू नका, कधी लागतील." झालं! मी सगळं टेम्पोत भरलं. खुर्ची काही आडवी बसेना, म्हणून ती शेवटी मागे तोंड करून दोरीने उभी बांधली. टेम्पोवाल्याला सांगितलं, पडघ्याला जा, चहा पी, झाडाखाली झोप, संध्याकाळी ये.

तो माणूस डबा गोडाऊनमध्ये विसरला होता. दुपारी भूक लागली तसा टेम्पो घेऊन परत निघाला, आणि पडघ्याच्या जाममध्ये अडकला. त्याच्या मागे कुणाची गाडी होती, हे तुम्ही ओळखलंच असेल.

शहाळं पिऊन झाल्यावर आपांनी आत एक फेरी मारली. फरशी चकचकत होती. कोपरे रिकामे होते. मी छाती काढून चालत होतो.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "पण रस्त्यात भेटलं तेव्हा तुमचं गोडाऊन जरा भरलेलं होतं."

"रस्त्यात?"

"पडघ्यात. जाम सुटेपर्यंत पुढे टेम्पो, मागे मी. बराच वेळ एक खुर्ची माझ्याकडे बघत होती. गळ्यात लाल चिठ्ठी. वाऱ्याने चिठ्ठी उलटली की सही दिसायची. सही झकास आहे तुमची."

तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला आणि टेम्पोवाला ओरडला, "साहेब, डबा राहिला!"

त्या क्षणी मी कुठे बघत होतो ते मला आठवत नाही. मंजुळाबाई म्हणतात, शहाळ्यात बघत होतो.

आपा रागावल्या नाहीत. तीच तर पंचाईत होती. त्यांनी सगळं सामान उतरवून घेतलं आणि खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. "वेत अजून चांगला आहे. पाय बसवून घ्या. पुढच्या वेळी मी हिच्यावर बसेन." मग रिपोर्टवर पहिली पायरी लिहिली. "गाढ झोप," जाताना म्हणाल्या, "घोरण्यासकट."

दिवाळीला काही महिने उरले होते. मी भिंतभर पोस्टरं लावली. "प्रत्येक वस्तूला जागा" या पोस्टरमागे स्विचबोर्ड झाकला गेला आणि दिवे कुठून लावायचे हे शोधण्यात सगळ्यांची एक सकाळ गेली. कटरांसाठी मी रंगीत खोके आणले. कटर पुन्हा हरवले, आता खोक्यांसकट. शेवटी मंजुळाबाईंनी प्रत्येक टेबलाला दोरी बांधली आणि दोरीला कटर. "गाय सोरली तं जानारच ना," त्या म्हणाल्या. "बांधून ठेवायची." त्यांचं बघून टेप बांधली गेली, किल्ल्या बांधल्या गेल्या. फरशीवर चालण्यासाठी पिवळे पट्टे आखले, फोर्कलिफ्टचा रस्ता वेगळा केला. खुर्चीला पाय बसला. ती दाराशी ठेवली, आणि वस्तूला ठरलेली जागा हवी म्हणून तिच्याभोवतीही पिवळा चौकोन आखला.

आपा पुन्हा आल्या त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. फोर्कलिफ्टच्या गळ्यात अजून झेंडूची माळ होती. ड्रायव्हर ती काढू देईना. "सूखने दीजिए ना साहब, खुद उतर जाएगी." फरशीवर पाकळ्या पडत होत्या आणि मी त्या बुटाखाली झाकत होतो. एका माणसाचे बूट किती पाकळ्या झाकणार!

आपा दारात आल्या. डोळे मिटले. आत टेप ओढल्याचा आवाज, खोकी सरकल्याचा आवाज, बायकांचं काहीतरी हसणं. आपांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक सावली पसरत गेली, दुपारी उन्हातून घरात आल्यावर पसरते तशी. डोळे मिटलेलेच, आणि त्या स्वप्नात चालल्यासारख्या एक पाऊल पुढे आल्या. मग आणखी एक. पिवळा पट्टा मागे राहिला.

"आगो बाय!" आतून मंजुळाबाई कडाडल्या. "पट्ट्याच्या आत सर! गारी येते, डोले हायेत का न्हाय तुला?"

फोर्कलिफ्ट करकचून थांबली. माळेतून मूठभर पाकळ्या आपांच्या पायांवर पडल्या. मला मेहुण्याचं दुकान दिसलं, त्याचं शटर दिसलं, मेहुणा हसताना दिसला.

"मॅडम, सॉरी, मॅडम!" मी धावलो. "बाईंना तुम्ही कोण ते माहीत नाही. मंजुळाबाई, माफी मागा आधी!"

"माहीत हाय ना," मंजुळाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "पायरी देनारी मोठी बाय हाय. म्हनून गारी काय वलखनार हाय तिला?"

आपांनी डोळे उघडले. मुकाट्याने पट्ट्याच्या आत आल्या, ओढणी सारखी केली आणि मंजुळाबाईंना म्हणाल्या, "चुकलं माझं."

मग दाराशी जाऊन खुर्चीवर बसल्या आणि लिहायला लागल्या. मी समोर उभा, दहावीच्या निकालाला होतो तसा.

"पाकळ्यांचे गुण कापलेत," त्या म्हणाल्या. "बुटाखालच्यासुद्धा."

"आणि पायरी?"

"जाग आली," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही. कंपनीला."

माल राहिला. मी त्या दिवाळीत मेहुण्याकडे फक्त फराळाला गेलो.

त्यानंतर आपा तपासणी नसतानाही यायच्या. नाशिककडे कुठल्या कंपनीत जाताना किंवा परतताना गाडी थांबवायच्या, खुर्चीवर बसायच्या, मंजुळाबाईंशी भाकरी आणि सुक्या मासळीच्या गोष्टी करायच्या, आणि बोलता बोलता मान कलायची. एका दुपारी अशाच झोपून गेल्या. दारातून ऊन आत आलं होतं, धूळ तरंगत होती, त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता. मी हातवारे करून फोर्कलिफ्ट थांबवली, पंखे बंद केले, बायकांना गप्प केलं. सगळं गोडाऊन चिडीचूप.

आपा दचकून उठल्या. "काय झालं? कुणाला लागलं?"

"कुणाला नाही, आपा. तुमची झोप मोडू नये म्हणून..."

"अरे बेटा," त्या डोळे चोळत म्हणाल्या, "आमच्या गल्लीत पोरं लूमच्या खटखटीत झोपतात. लाइट गेली, लूम थांबले, की अख्खा मोहल्ला जागा. आवाज थांबला की वाटतं, काहीतरी वाईट झालं. लाव ती गाडी, चालव."

फोर्कलिफ्ट सुरू झाली. त्यांचे डोळे पुन्हा मिटले.

गेल्या हिवाळ्यात आपा गेल्या. निरोप आला तसा मी निजामपुऱ्यात गेलो. रिक्षा आत जाईना, चालत गेलो. गल्ली भरलेली होती, पण पायांना काहीतरी वेगळं लागत होतं. बऱ्याच वेळाने कळलं की जमीन थरथरत नाहीये. त्यांच्यासाठी गल्लीतले लूम बंद ठेवले होते. एवढी शांतता, आणि आत आपा. मी दाराशी उभा राहून वाट बघत होतो. हसू नका, पण मला खरंच वाटत होतं की आता त्या दचकून उठतील आणि विचारतील, काय झालं, कुणाला लागलं?

मंजुळाबाई आल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "कोनीतरी एक तरी लूम लावा गो."

आता नवे साहेब येतात. हुशार आहेत, टॅबवर टिचक्या मारत फिरतात. आम्ही चौथ्या पायरीवर आहोत. मागच्या फेरीला त्यांनी दाराशी थांबून विचारलं, "ही खुर्ची कोण वापरतं?"

"कुणी नाही."

"मग इथे का?"

खरं उत्तर त्यांच्या टॅबमध्ये बसलं नसतं.

"लाल चिठ्ठी लावा. पुढच्या वेळी दिसली तर पायरी खाली येईल."

"हो साहेब," मी म्हटलं. साहेबांचं बरोबर होतं. आपांनीही हेच सांगितलं असतं, हसून.

आज ते येणार होते. सकाळी मी आणि मंजुळाबाईंनी खुर्ची टेम्पोत चढवली, मागे तोंड करून उभी बांधली. चिठ्ठी मात्र मी लावली नाही. टेम्पोवाल्याला सांगितलं, पडघ्याला जा, चहा पी. या वेळी त्याचा डबा मी स्वतः त्याच्या हातात दिला.

साहेबांना उशीर व्हायला लागला तसा टेम्पोवाल्याचाच फोन आला. "साहेब, चहाला थांबायला जागाच न्हवती, वळून परत येत व्हतो, तर जाम लागला. मागं पांढरी गाडी हाय. आतला टॅबवाला मानूस मघापासून खुर्चीकडं बघतोय. काय करू, खुर्ची उलटी फिरवू?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे. बसू दे तशीच."

फोन ठेवून मी दाराशी रिकाम्या पिवळ्या चौकोनाजवळ उभा राहिलो आणि डोळे मिटले. टेप ओढली जात होती, खोकी सरकत होती. कुणी कटर शोधत नव्हतं, कुणी किल्ली शोधत नव्हतं. मग फोर्कलिफ्ट मंदावली आणि ड्रायव्हरचा आवाज आला, "अरे, आपा की कुर्सी किधर गई?"

कंपनी झोपेत बडबडत होती. मी तिला उठवलं नाही.