डोंगरातल्या गाडीला दिलेली आरोळी

त्या वर्षी मी औंढ्याच्या नागनाथाशी, आमच्या देवाशी, बोलणं सोडलं होतं. पाऊस नव्हता, चारा नव्हता. शिरड शहापूरच्या शिवारातली आमची मेंढरं एकेक करून मेली. नवस बोलून झाले, काही उपयोग झाला नाही. शेवटी घरधन्यांनी मला घेऊन मुंबईकडचा डोंगर गाठला. तिथे फिरायला येणाऱ्यांसाठी छोटी रेल्वे होती, तिच्या रुळांवर काम मिळालं. नव्वद सालानंतरची ही गोष्ट.

काम मला आवडलं, खोटं कशाला बोलू. खडी टाकायची, दरडीची माती ओढायची. खेळण्यातली वाटावी अशी ती गाडी वळणं घेत धापा टाकत वर आली की माझी छाती फुलायची. जशी काही ती माझ्याच घरची.

दिवाळीनंतर सासू भेटायला आली. औंढ्याचा अंगारा घेऊन. खोलीत देव नाही हे तिने आधी बघितलं. म्हणाली, "काहून गं? देव काय तुझा गडी हाय व्हय, सांगितलेलं काम करायला?" मी अंगारा घेतला नाही.

परतायच्या दिवशी तिला गाडीत खिडकीपाशी बसवलं. माझी सुट्टी होती. खोलीवर आले तर तिची घोंगडी खुंटीला. धनगराची म्हातारी, जन्मात घोंगडी विसरली नव्हती. गाडी वळणं घेत उतरते, पायवाट सरळ उतरते. घोंगडी घेऊन मी धावत सुटले.

खाली रुळावर पोचले. मेंढीएवढा धोंडा रुळावर पडलेला, वरून माती अजून गळत होती. रेटला, हलला नाही. वरच्या वळणाआड शिट्टी वाजली. हातात लाल झेंडी नाही, मी वळणाआड, ड्रायव्हरला दिसणार कशी? आणि तोंडातून आपोआप आरोळी निघाली. लांडगा दिसला की मेंढरं जागीच थांबवायला आम्ही देतो ती.

त्या डोंगरात ती ओळखणारं एकच माणूस होतं.

त्या गाडीत डब्याडब्याला हाताने ब्रेक आवळणारा माणूस असतो. सासूने तिच्या डब्यातल्या माणसाची कॉलर धरली. "म्होरं लांडगा हाय. थांबव." म्हातारीला येड लागलं असं त्याला वाटलं, पण त्याने ब्रेक आवळला. तसे बाकीच्यांनीही आवळले. इंजिन धोंड्यापासून हातभर अंतरावर थांबलं. लोक भराभरा उतरले, ड्रायव्हर मटकन खाली बसला.

सासूने धोंडा बघितला, मला बघितलं. "घोंगडी आणलीस का?"

मी आधी अंगारा मागितला.

त्या दिवशी घोंगडी कशी विसरली, हे तिला मरेपर्यंत सांगता आलं नाही. मीही विचारणं सोडलं. आता आम्ही गावीच असतो. मी औंढ्याला जाते, पायरीवर तीच घोंगडी टाकून बसते. मागत काही नाही. देवात आणि माझ्यात गडी कोण, हे मला आता पक्कं ठाऊक आहे.