काकूंची शिंगं

काकू इतक्या कडक शाकाहारी की अंडं घातलेला केकसुद्धा चालायचा नाही, आणि त्यांच्या किचन टेबलवर, मिसळणाच्या डब्याला खेटून, हरणाची ही भलीमोठी शिंगं. चौऱ्याऐंशी साली एमएस करायला मी पेनसिल्व्हेनियात आले, त्यांच्याकडे वरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा घरात शिरल्या शिरल्या मला आधी ती शिंगंच दिसली. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "घाबरू नकोस, कुणी मारलेलं नाहीये. हिवाळ्यात आपोआप गळतात ती. ह्यांना मागच्या रानात सापडली."

हे म्हणजे डॉक्टरकाका. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. शिंगं भिंतीवर लावायला त्यांनी फळी कापून, घासून ठेवली होती, तेवढंच झालं. शिंगं बिचारी डेकवर उन्हापावसात पडून पांढरीफटक झाली. आता मुलगा घर विकून काकूंना कॅलिफोर्नियाला नेणार होता, थँक्सगिव्हिंगनंतर लगेच. काकूंचं एकच चाललेलं, "आणली तेव्हा जो रंग होता तो परत आला पाहिजे. मग मला कुठेही न्या."

दुकानात जायच्या आधी घरातले सगळे डबे उघडून बघायचे, हा त्यांचा नियम. म्हणून पहिल्यांदा काय, तर पानाच्या डब्यातला कात. उकळून लावला, फिका वाटला, मग रंग चढावा म्हणून वरून चुना. आणि काय सांगू, विडा खाल्ल्यासारखी शिंगं लालभडक. शेजारचा वॉल्ट, सत्तरीचा शिकारी, काकू त्याला वॉल्टभावजी म्हणायच्या. तो बघून म्हणाला, "या हरणाने लिपस्टिक कधीपासून लावायला घेतली?"

"हसू नका भावजी, येत असेल तर शिकवा," काकू इंग्लिशमध्ये म्हणाल्या, फक्त 'भावजी' तेवढं मराठीत.

त्याने पोटॅशियम परमँगनेट सांगितलं. "हे होय? हे तर आम्ही विहिरीत टाकायचो," काकू म्हणाल्या. डॉक्टरकाकांच्या कपाटात बाटली होतीच. आधीचा लाल रंग घासून काढला, मग हे ब्रशने लावलं तर शिंगं जांभळी. काकू ओरडल्या, "गेली गं." मी शिंगं उचलून नळाकडे पळणार, तर वॉल्टने मला अडवलं. दहा मिनिटांत जांभळा गेला आणि मस्त तपकिरी चढला. मुळाशी अजून एक हात दिला. हरणं झाडावर शिंगं घासतात म्हणून टोकं पांढरी हवीत, वॉल्ट म्हणाला, तर काकूंनी भांड्यांची तारेची घासणीच आणली. वरून मेण.

एक टोक मात्र बोथट होतं. वॉल्टने ते नीट करायला पुट्टीचा डबा उघडला.

"नको," काकू म्हणाल्या. "ते मी सहाणेवर उगाळलंय. ह्यांची पाठ धरायची ना शेवटी शेवटी. सांबरशिंगाचा लेप देतात आपल्याकडे. डॉक्टर असून मुकाट्याने लावून घ्यायचे. पेशंटना सांगू नकोस म्हणायचे." मी वॉल्टला इंग्लिशमध्ये सांगितलं. त्याने डब्याचं झाकण परत लावलं.

मग काकू शिंगं घेऊन खिडकीपाशी गेल्या. खूप वेळ बघत होत्या. मी विचारलं, "हाच ना रंग?"

"मला आठवत नाहीये गं," म्हणाल्या. "इतके दिवस वाटत होतं आठवतोय." आणि रडल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच रडताना बघितलं मी त्यांना.

"हाच," वॉल्ट म्हणाला. "डॉकने कुंपणावरून दाखवली होती मला. अगदी हाच." काकूंनी हळूहळू मान डोलावली. त्याच दुपारी आम्ही शिंगं फळीवर स्क्रूने बसवली.

मी आता जर्सी सिटीत नोकरी करते. दर रविवारी काकूंना फोन असतो. गेल्या रविवारी सहज विचारलं, शिंगं कुठे लावली? तर म्हणाल्या, भाड्याचं अपार्टमेंट आहे, भिंतीला खिळा मारू देत नाहीत.

"मग?"

"पलंगावर ठेवलीत. पलीकडची बाजू रिकामीच असते." मग म्हणाल्या, "कूस बदलली की टोचतात गं. टोचू देत."