सेतुमाधव काकांचं नाक

आमच्या प्लांटमध्ये मशीनपेक्षा सेतुमाधव काकांच्या नाकाला मान होता. मी सांगलीची, केमिस्ट. एन्नोरच्या खाडीकाठच्या या सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये रुजू झाले तेव्हा तमिळ ओ की ठो कळत नव्हतं. काका टाक्यांवरचे जुने ऑपरेटर, तंजावरी मराठी घरातले. "देविका अम्मा, जेवण जाहलें की?" अशी पोथीतली मराठी ऐकून मी पहिल्याच दिवशी फिदीफिदी हसले होते.

पाणी किती घाण आहे हे सांगायला माझ्या लॅबला पाच दिवस लागतात. काकांना एक श्वास पुरायचा. टाकीवर वाकून म्हणायचे, "आज कोण्ही रंग सोडला आहे." पाच दिवसांनी माझा रिपोर्ट निमूटपणे तेच म्हणायचा. असा राग यायचा म्हणता!

प्लांटचं पाणी जिथे खाडीला मिळतं, तिथे बाया कमरेइतक्या पाण्यात बसून हातांनी कोळंबी चाचपून धरतात. टोपली दातांत, तोंड पाण्याला लागलेलं. त्यांची म्होरकी अंजलै. रोज सकाळी ती ओरडून विचारायची, "अण्णा, पाणी कसं आहे?" काका मगभर पाणी हुंगून हात वर करायचे, मगच बाया उतरायच्या. हे काम त्यांना कुणी नेमून दिलं नव्हतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काका आजारी पडले. तीन आठवड्यांनी परत आले, पण वास गेला होता. कॉफीचा नाही, कापराचा नाही, कशाचाच नाही. कुणाला म्हणून सांगितलं नाही. नाक गेलेल्या सेतुमाधवाला कोण विचारणार, ही भीती. आणि अंजलैने विचारलं की मगभर पाणी हुंगून हात वर करत राहिले.

कामावर परतल्याच्या चौथ्या दिवशी पहाटे कुठल्यातरी कारखान्याने गटारात सॉल्व्हंट ओतलं. पाणी साफ करणारे टाकीतले जिवाणू मेले आणि घाण आली तशी खाडीत गेली. मी लॅबमध्ये दोन-दोन मास्क लावून बसलेली. किंकाळ्या ऐकून धावले, तर बाया डोळे चोळत बाहेर येत होत्या. बाकीच्यांचे डोळे आठवड्यात निवळले. अंजलैची नजर गेली ती गेलीच.

दोन महिन्यांनी काकांना वास यायला लागला, पण एकच. सांबारात तो, बायकोच्या गजऱ्यात तो, उशीत तो. डॉक्टर म्हणाले, कोरोनानंतर होतं असं. काका मला म्हणाले, "नव्हे, अम्मा. त्या दिवशीं न आलेला वास आतां येतो." नाक गेल्याचं त्यांनी मला तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. मी भडकले. किती बोलले! मग त्यांचा खंगलेला चेहरा नीट पाहिला. ते जेवतच नव्हते. म्हटलं, मला सांगून काय उपयोग? तिला सांगा.

ते धैर्य यायला वर्ष गेलं. "एकट्यानें जाववत नाहीं," म्हणाले, म्हणून मी सोबत गेले. अंजलै दारात बसून चाचपडत सुकी मासळी निवडत होती. पायरव ओळखून म्हणाली, "या अण्णा." काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. नाक गेलेलं होतं. काही कळत नव्हतं. तरी हात वर केला. एव्हाना मला तमिळ कळत होतं. न कळतं तर बरं झालं असतं.

अंजलैचे हात थांबले. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि द्याव्यातच तिने.

"वास मला आला होता, अण्णा," ती म्हणाली. "नाकात झोंबला होता. पण तुमचा हात वर दिसला. म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."