कांद्याच्या वखारीतला मोटार ट्रॅक

आधीच सांगून टाकतो, भूतखेत, भानामती, लागीर या प्रकारांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सोलापुरात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ मधेच कुजबुजतो, आत काहीतरी शिरलंय असं सांगत लोक यायचे आणि मी मागचं झाकण उघडून त्यांना मेलेलं झुरळ दाखवायचो. चिमट्यानं. कारण माझी दुसरी ओळख अशी की मला किळस फार लवकर येते. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी मी पीत नाही. पंगतीत शेजारच्यानं आमटीचा भुरका मारला तरी माझा घास घशात अडकतो. घरी यावरून माझी यथेच्छ चेष्टा होते, पण ही किळस बाजूला ठेवली तर सांगण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून ती सहन करा.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. पुण्याच्या एका इंजिनियर साहेबांचं मला पत्र आलं. रेडिओच्या सुट्या भागांवरून आमची ओळख. साहेबांना नाद होता स्लॉट कारचा — म्हणजे लाकडी ट्रॅकमध्ये खाचा पाडलेल्या, खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी, गाडीखाली एक खुंटी, ती खाचेत बसते आणि पट्टीतून करंट घेऊन वीतभर लांबीची मोटार सुसाट पळते. हातात बटण. दाबलं की वेग, सोडलं की थांबली. पूर्वी तिकीट लावून हा खेळ चालायचा. साहेबांनी लिहिलं होतं, "मुंबईचा ट्रॅक मोडला, पुण्याचा जळाला, बंगळूरच्याचा पत्ता लागत नाही. सोलापुरात एक होता म्हणे. उरलाय का बघा. चालू असेल तर मी ट्रक घेऊन येतो."

होता ना! नव्या पेठेच्या मागं एका लांबलचक हॉलमध्ये होता. एका शेठजींच्या मुलानं विलायतेत पाहून हौसेनं करवून घेतला होता. सहा खाचांचा, दोन मोठी वळणं, एक चढतं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि आमचं टोळकं रोज संध्याकाळी तिथंच असायचं. पण पत्र वाचून मला आनंद झाला नाही. कारण त्या हॉलमधून एका माणसाचं काम मी घालवलं होतं.

त्याचं नाव गुरप्पा. अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचा. वेग जास्त झाला की गाडी वळणावर खाचेतून उडायची, खाली पडायची. ती उचलायची, चाकं सदऱ्याला पुसायची, परत खाचेत ठेवायची — हे त्याचं काम. लांबच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून तो दिवसभर उभा असायचा. रोज हॉल उघडायच्या आधी ट्रॅक आणि गाड्या साफ करणंही त्याच्याकडेच. आणि त्याच्या हातांना इसब होतं. बोटं फुटलेली, सालपटं निघालेली, बेचक्यांतून लस यायची. मला ते बघवत नसे. माझी गाडी त्यानं ठेवली की मी ती कागदात धरून पुसायचो. तो बघायचा.

एकदा मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, "मालक, ह्याच्या हातची घाण आमच्या गाड्यांना लागते. आम्ही फुकट खेळतो काय?" टोळकं हसलं. दुसऱ्या दिवशी गुरप्पाच्या हातात कापडी मोजे होते. आठवड्यानं तो दिसेनासा झाला. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं.

तर, ट्रॅक शोधायला निघालो. शेठजींचं कुटुंब कधीच सोलापूर सोडून गेलेलं. हॉलच्या जागी बारदानाचं दुकान, त्याला काही ठाऊक नाही. शेवटी ज्यांनी तो बनवला ते इस्माईल मिस्त्री सापडले. त्यांना विचारलं, तर हसायलाच लागले.

"वो मोटारां का पाट? हैच ना! कांदेवाले के वखार में पड़ा है. उसके ऊपर कांदा सुखातै."

माझा विश्वास बसेना. पण मिस्त्रींनी आतून एक डबा आणून दिला. त्यात एक गाडी होती, लाल, मागची चाकं रुंद. आठवण म्हणून ठेवलेली.

कांदेवाला म्हणजे बसू शेठ. बाजार समितीच्या अलीकडे त्यांची वखार. मी नाकाला रुमाल लावूनच आत गेलो. समोर तो ट्रॅक... अख्खा! हॉलमधून काढताना त्यांनी तुकडे नंबर घालून काढले होते आणि इथं तसेच जोडले होते. आणि त्यावर कांदा पसरलेला. ढीगच्या ढीग.

"लई ब्येस जागा हाय बघा," बसू शेठ कौतुकानं म्हणाले. "खालनं वारा लागतो, कडेला कठडा हाय, कांदा घरंगळत न्हाई. फकस्त मधी मधी नासतोय."

मधे मधे! खाचांमध्ये सडक्या कांद्याचं काळं पाणी साचून वाळलं होतं. बोटानं उचकटलं तर खाली अळ्या. तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या. एका वळणाखाली मेलेली घूस होती, ती किती दिवसांची होती हे मी विचारलं नाही. सडका कांदा ज्यानं हुंगलाय त्याला सांगायला नको. तो वास कपड्यात, केसात, तोंडात बसतो. दुपारी डबा उघडला की चपातीला तोच वास.

साहेबांना चालू ट्रॅक हवा होता. शेठनी कांदा हलवायला कबुली दिली, पण आठ दिवसांची मुदत घातली. नाहीतर सगळा फोडून बंबाला घालणार होते. मी एकच खाच साफ करायला घेतली, सगळ्यात बाहेरची. आधी पॉलिश पेपर, मग चिंध्या आणि रॉकेल. पेपरानं पट्टीचं हिरवं जायचं, पण खाचेतला चिकटा रॉकेलशिवाय सुटेना. पाच दिवस मी रॉकेलच्या डबड्यात हात बुडवून घासत होतो. मोजे घातले तर खाचेत बोट शिरत नाही, म्हणून उघड्या हातांनीच. मला स्वतःचीच शिसारी येत होती.

सहाव्या दिवशी दुपारी ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणल्या, तारा जोडल्या, लाल गाडी खाचेत ठेवली. बटण दाबलं. गाडी पळाली! वेडीवाकडी, ठिणग्या टाकत, पण पळाली. लांबच्या वळणावर उडाली आणि पलीकडे जमिनीवर सडक्या पाल्याच्या चिखलात पडली. मी वळसा घालून गेलो, नाक मुरडत उचलली, ठेवली, परत येऊन बटण दाबलं.

दुसऱ्यांदा पुन्हा तिथंच उडाली. यावेळी चाकांना चिखल लागणार म्हणून मी रद्दीतला कागद फाडायला वाकलो. तेवढ्यात आवाज आला — टक. खुंटी खाचेत बसल्याचा आवाज. वर पाहिलं तर गाडी ट्रॅकवर. नीट, पुढं तोंड करून.

मी स्वतःची समजूत घातली की गाडी पडलीच नसेल, कडेला अडकली असेल. पण मन मानेना. शेठ दारात बिडी ओढत बसले होते, त्यांना हाक मारली. "शेठ, इथं माझ्याजवळ उभे राहा. फक्त बघा." वखारीला दार एकच, आमच्या पाठीमागं. आत तिसरं माणूस नाही.

बटण पूर्ण दाबलं. गाडी वळणावर उडाली, भिंतीवर आपटली, खाली पडली. आम्ही दोघांनी पाहिलं. मी जागचा हललो नाही. शेठही हलले नाहीत. चार-पाच श्वास गेले असतील.

टक.

"कोन हाय रं तिकडं?" शेठ ओरडले. कुणी नव्हतं. आम्ही दोघं मिळून गेलो. तिथली जमीन काळ्या चिखलानं बरबटलेली, त्यात गाडी पडल्याचा ठसा होता, चाकांच्या खुणांसकट. आणि गाडीची चाकं मात्र स्वच्छ. कुणीतरी पुसून ठेवावीत तशी.

लोक विचारतात, भीती वाटली का? नाही. किळस आली. कुणाचा तरी हात या गाडीला आत्ता लागलाय, एवढंच डोक्यात आलं. मी मुठीतला कागद उलगडला आणि गाडी त्यात धरून उचलली. आणि उचलल्यावर मला कळलं की मी काय करतोय. दहा वर्षांपूर्वी अगदी असंच करायचो, त्याच्यासमोर.

शेठनी बिडी फेकली. "हे उद्याच्या उद्या न्या हितनं. मला एक दमडी नगं. पर न्या."

साहेबांना तार केली. ते ट्रक घेऊन आले आणि ट्रॅक घेऊन गेले. मी त्यांना काही सांगितलं नाही.

मला एकच वाटत होतं, गुरप्पा मेला. काम गेलं, हात तसले, दुसरीकडे कोण ठेवणार... झिजून मेला असेल आणि अजून त्या कोपऱ्यातच उभा आहे. झोप लागेना. त्यात माझ्या हातांची आग होऊ लागली. बोटं फुटली. बेचक्यांतून पाणी यायला लागलं. बायको ताटात भाकरी वाढायची ती वरून, हात लागणार नाही अशी. तिनं मुद्दाम केलं नसेल. पण मी पाहिलं.

डॉक्टरांनी हात उलटसुलट करून विचारलं, "रॉकेलमध्ये काम करता?"

"पाच दिवस केलं."

"बंद करा. महिनाभरात बरं होईल."

मी तिथं खुर्चीवर बसूनच राहिलो. गुरप्पा रोज सहा खाचा रॉकेलनं पुसायचा, हॉलमध्ये शिरलं की तोच वास यायचा. सगळ्या गाड्या, सगळी चाकं. त्याच्या हातांची घाण आमच्या गाड्यांना लागत नव्हती, आमच्या गाड्यांची त्याच्या हातांना लागत होती. आणि मी, विज्ञानाचा विद्यार्थी, नाक वर करून मालकाकडे तक्रार करत होतो. स्वतःच्या तोंडाची एवढी घृणा मला कधी आली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी एसटीनं अक्कलकोट आणि तिथनं मैंदर्गी गाठलं. घरच्यांना भेटायचं, पाय धरायचे, असं ठरवून. बाजाराचा दिवस होता. एका चहावाल्याला विचारलं, "गुरप्पाचं घर कुठं? पूर्वी सोलापुरात कामाला होते ते."

"घर कशाला? त्यो काय बसलाय की!"

एका लिंबाखाली दावी, कासरे, चऱ्हाटं मांडून तो बसला होता. जरा जाड झालेला, मिशा पिकलेल्या. जिवंत. धडधाकट.

मी समोर उकिडवा बसलो. "तुम्ही पूर्वी सोलापुरात होता ना?"

"व्हय. मोटारीच्या ख्येळात. तुमाला कसं ठावं?"

"ऐकलं होतं. मधे कधी जाणं झालं का तिकडं? पंधरा दिवसांत?"

"छ्या! काम सुटल्यापासनं सोलापूर बगितलं न्हाई. कशाला जाऊ? हात खराब जालतं, मालकानं काडलं. हितं आलो आन म्हैन्यात हात साफ!" त्यानं तळवे पुढं केले. दोरानं घट्टे पडलेले, पण कोरडे, धड, निरोगी. "लई वंगाळ दिस व्हते ते. लोकं कागुद लावून गाडी धरायची."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. तोंडात वाक्य तयार होतं. कागद लावणारा मीच, तक्रार करणाराही मीच. धीर यावा म्हणून मी समोरचं एक दावं हातात घेतलं आणि उगाच पिळू लागलो. तेवढ्यात एक बाई आली, तिला बैलासाठी दावं हवं होतं. तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि पुढच्या दुकानाकडे निघून गेली.

गुरप्पानं तिच्या पाठीकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. रागावला नाही. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "सायेब, मालाला हात नगा लावू. गिऱ्हाईक जातंय."

आणि माझ्या हातातलं दावं त्यानं टोकाला धरून काढून घेतलं, बाकीच्या मालापासून दूर, धुळीत ठेवलं.

मी उठलो. ते दावं विकत घेतलं. आमच्याकडे जनावर नाही. परतीच्या एसटीत ते मांडीवर घेऊन बसलो होतो आणि शेजारचा माणूस खिडकीकडे सरकत होता.

आता तुम्ही विचाराल की गुरप्पा जिवंत, मैंदर्गीत, धडधाकट, मग वखारीतल्या कोपऱ्यात उभं कोण होतं? बसू शेठना विचारलं तर ते विषय बदलतात. साहेबांनी पुण्याहून लिहिलंय की ट्रॅक झकास चालतो, फक्त लांबच्या वळणावर गाड्या उडतात आणि दरवेळी जाऊन उचलाव्या लागतात. म्हणजे तिथं तसं काही होत नाही. मी वायरिंग, चुंबक, जमिनीचा उतार, सगळा विचार करून पाहिला. चाकं कुणी पुसली ते कशातच बसत नाही. कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर कळवा. मी माफी मागायला गेलो होतो आणि ती न मागता परत आलो. सगळ्या प्रकारात खात्रीनं सांगता येईल असं एवढंच आहे.